पैसे कशात घालायचे: जुन्या कॉम्प्युटरच्या दुरुस्तीत की नव्या मशीनमध्ये?

मी ऐरोलीत राहते आणि ठाण्यापासून नेरूळपर्यंत घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करते. फोन उचलला की समोरून बिघाड सांगायच्या आधीच प्रश्न येतो, "ताई, याच्यात अजून पैसे घालू की नवीनच घेऊ?" शोरूममध्ये विचारलंत तर उत्तर ठरलेलं असतं. शेजारपाजारचे म्हणतात, पाच वर्षं झाली ना, काढून टाका. वयावरून हा निर्णय घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बारा वर्षांचे डेस्कटॉप नीट चालताना मी रोज बघते आणि तीन वर्षांचे लॅपटॉप कायमचे बंद पडलेलेही बघते. मी आधी बघते ते नेमकं बिघडलंय काय. मग बघते की तो भाग बदलला तर पुढच्या मशीनमध्ये तो आपल्यासोबत येईल की याच्यातच अडकून पडेल. आणि शेवटी, या मशीनला विंडोजचे अपडेट अजून मिळतात का. पण या सगळ्याच्या आधी एक काम आहे.

आधी फायली

कॉम्प्युटर आज कसाबसा चालू होत असेल तर आजच फायली बाहेर काढा. दुरुस्तीला देण्याआधी, विंडोज नव्याने टाकण्याआधी, नवीन मशीनच्या किमती बघायला लागण्याआधी हेच. आईच्या साठाव्या वाढदिवसाचे फोटो परत काढता येत नाहीत.

काय काय काढायचं याची यादी बहुतेकांची अपुरी असते. 'डॉक्युमेंट्स' फोल्डर कॉपी केला की झालं असं वाटतं. डेस्कटॉपवर ठेवलेल्या फायली, डाउनलोडमधली आधार-पॅनची पीडीएफ, सोसायटीच्या पावत्या, टॅलीचा डेटा फोल्डर, आउटलुक वापरत असाल तर त्याची पीएसटी फाइल (मेल त्यात साठतात), ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, हे सगळं वेगवेगळ्या ठिकाणी असतं. मराठीत काम करणाऱ्यांनी एक गोष्ट जास्तीची करायची: फॉन्टची प्रत घ्यायची. युनिकोडच्या (म्हणजे मराठी कुठल्याही मशीनवर सारखीच दिसेल अशा पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रं, मंडळाचे अहवाल, जुन्या पत्रिका नव्या मशीनवर उघडल्या की नुसती अगम्य चिन्हं दिसतात. फाइल शाबूत असते, पण तो फॉन्ट नसल्यामुळे वाचता येत नाही. विंडोजच्या फॉन्ट फोल्डरची प्रत काढायला दोन मिनिटं लागतात. ती काढली नाही म्हणून हळहळणारी माणसं मी पाहिली आहेत.

हार्ड डिस्कमधून ठरावीक अंतराने टक, टक असा आवाज येत असेल तर मशीन ताबडतोब बंद करा. डिस्क वाचणारं आतलं हेड जागेवर बसत नसतं. अशा डिस्कवर 'चेकडिस्क' चालवू नका. ती सोय फायलींची मांडणी नीट करण्यासाठी आहे. ती डिस्कला भरपूर वाचायला लावते आणि जात चाललेल्या डिस्कला तेवढा ताण पुरतो. फायली खरंच मोलाच्या असतील तर डिस्क काढून डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला अजूनही व्हॉट्सॲपवर फिरतो. तसं करू नका. बाहेर काढल्यावर आपल्याकडच्या दमट हवेत तिच्यावर पाणी धरतं.

अलीकडचा लॅपटॉप असेल तर आणखी एक बघून ठेवा. अनेक लॅपटॉपवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरच्या फायलींना लागणारं कुलूप, आपोआप चालू झालेलं असतं आणि घरात कोणाला त्याचा पत्ताही नसतो. मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) बदलला की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. ती सापडली नाही तर डिस्क धडधाकट असूनही फायली उघडत नाहीत. म्हणून लॅपटॉप कोणाच्याही हातात देण्याआधी ही की कागदावर उतरवून घरात ठेवा.

बिघडलंय नेमकं काय

"फार स्लो झालाय" हे लक्षण झालं, बिघाड वेगळा शोधावा लागतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. काहीही काम चालू नसताना डिस्कचा आकडा सतत १०० टक्क्यांच्या आसपास असेल तर संशय डिस्कवर. मेमरीचा आकडा ९० च्या वर असेल तर रॅम कमी पडतेय. प्रोसेसर कायम वर असेल तर कुठला प्रोग्रॅम त्याला दमवतोय ते तिथेच दिसतं. कित्येकदा तो आपण न मागता आलेला एखादा 'क्लीनर' किंवा दुसरा अँटिव्हायरस असतो. तो काढला की एक रुपया खर्च न करता काम होतं.

डिस्कसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे फायली काढून घ्या. नुसत्या रंगावर विसंबू नका. 'रीअलोकेटेड सेक्टर्स' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' या दोन ओळींमधला शेवटचा आकडा बघा. तो शून्य असायला हवा. पेंडिंगचा आकडा वाढत चाललेला दिसला की डिस्क बदलायचीच, मग बाकी मशीन जुनं असो की नवं.

तारीख-वेळ रोज चुकत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा बटण सेल संपलेला असतो. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडेही तो मिळतो. यात एक गंमत अशी होते की तारीख मागे गेली की बँकेची साइटसुद्धा 'असुरक्षित' म्हणून ब्राउझर अडवतो, कारण साइटच्या सर्टिफिकेटची मुदत तो आजच्या तारखेशी ताडून बघतो. लोक घाबरून व्हायरस आला म्हणतात आणि सेलऐवजी सगळं विंडोज बदलून घेतात.

चालू चालू असताना बंद पडणारं मशीन मात्र जरा निगुतीनं बघावं लागतं. कळव्याला शिकवणी घेणाऱ्या एक ताई आहेत. ऑनलाइन वर्ग सुरू झाला की वीसेक मिनिटांत त्यांचा डेस्कटॉप बंद व्हायचा. एका दुरुस्तीवाल्याने मदरबोर्ड गेला असं सांगून नव्या मशीनचा भावही काढून दिला होता. कॅबिनेट जमिनीवर, खाडीकडच्या खिडकीखाली. बाजूचं झाकण काढून मी आधी टॉर्च मारला. प्रोसेसरवरचा पंखा फिरत होता, पण तो काढल्यावर खालच्या ॲल्युमिनियमच्या पात्या दिसतच नव्हत्या. पावसाळ्याची ओल आणि वर्षानुवर्षांची धूळ मिळून पात्यांवर नमद्यासारखा जाड थर बसला होता, बोटाने उचलला तर अख्खा निघाला. पंखा फिरत होता आणि वारा त्या थरावर आपटून परत येत होता. प्रोसेसरची उष्णता पात्यांकडे नेणारी थर्मल पेस्ट वाळून खडूची पूड झालेली. ब्रशने पात्या साफ केल्या, जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, तांदळाच्या दोन दाण्यांएवढी नवी पेस्ट लावून हीटसिंक, म्हणजे त्या पात्यांचा ठोकळा, चारही कोपऱ्यांनी नीट बसवला. एक खिट्टी आधीपासून निसटलेली होती, तीही तेव्हाच दिसली. नुसतं चालू केल्यावर ८० अंशांच्या वर जाणारं तापमान ४५ च्या आसपास आलं. ताईंना म्हटलं, "मशीन टेबलावर ठेवा आणि दर पावसाळा संपला की एकदा उघडून झाडून घ्या." ते मशीन अजून वर्ग घेतंय.

म्हणून बोर्ड गेला असं कोणी म्हणालं की मी आधी धूळ, पेस्ट, रॅम आणि एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारं डबडं) तपासते. बोर्डावर संशय सगळ्यात शेवटी.

स्क्रीन काळी, पण पंखा फिरतोय आणि बीप येतोय, असं असेल तर घरी करता येण्याजोगा उपाय आहे. प्लग काढा, प्लग काढल्यानंतर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे साठलेला करंट निघून जातो. रॅमची पट्टी दोन्ही टोकांच्या खिट्ट्या उघडून काढा. सोनेरी दातांवर साधा पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा, चुरा झटका, पट्टी परत टक असा आवाज येईपर्यंत बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. पावसाळ्यात, विशेषतः खाडीच्या बाजूच्या इमारतींमध्ये, या एवढ्यानेच बरीच मशीन जागी होतात.

अचानक रीस्टार्ट होणाऱ्या मशीनमध्ये एसएमपीएस बघायचा. मल्टिमीटर असेल तर पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट, लालवर ५ आणि नारिंगीवर ३.३ यायला हवेत. ५ टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे १२ च्या जागी ११.४ ते १२.६. मीटर वापरायची सवय नसेल तर हे स्वतः करू नका. आणि एसएमपीएसचं डबडं तर कोणीच उघडू नये, प्लग काढल्यानंतरही आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब राहू शकतो. तो दुरुस्त करायचा नसतो, बदलायचा असतो.

इथे दोन गोष्टी कॉम्प्युटरच्या नसून घराच्या असतात. वीज लुकलुकली की यूपीएस असूनही मशीन बंद पडत असेल तर यूपीएसची बॅटरी संपली आहे. घरच्या छोट्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते आणि आपल्या उकाड्यात ती दोन-तीन वर्षांत दमते. बॅटरीच बदला, अख्खा यूपीएस नको. दुसरं, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर सॉकेटला अर्थिंग नाही. जुन्या चाळींमध्ये आणि जुन्या इमारतींमध्ये हे सर्रास असतं. आधी वायरमन बोलवा. अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर नवीन मशीन लावलंत तरी तेच होणार, आणि यात माणसाच्या जिवाला धोका आहे.

सोबत येणारा खर्च आणि मागे राहणारा खर्च

बिघाड कळला की वही घ्या आणि मधोमध रेघ मारा. डावीकडे लिहा तो खर्च जो पुढच्या मशीनमध्ये सोबत येईल, उजवीकडे तो जो याच मशीनबरोबर संपेल.

एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क, सोबत येते. अडीच इंची साटा एसएसडी जुन्या डेस्कटॉपमध्ये लागते, पुढच्या डेस्कटॉपमध्येही लागते, आणि पुढचा लॅपटॉप घेतलात तर यूएसबी केसमध्ये घालून बाहेरची डिस्क म्हणून वापरता येते. हार्ड डिस्क जिथे सेकंदाला १०० ते १५० एमबी वाचते तिथे ही ५०० च्या वर वाचते. विखुरलेल्या छोट्या फायली वाचताना, म्हणजे विंडोज सुरू होताना, फरक याहून कितीतरी मोठा असतो. जुन्या मशीनवर एकच खर्च करायचा झाला तर मी हाच सांगते. मॉनिटर, कीबोर्ड, यूपीएस सोबत येतात. चांगला एसएमपीएसही येतो, पण काही ब्रँडेड छोट्या डेस्कटॉपचे एसएमपीएस त्यांच्याच मापाचे आणि त्यांच्याच जोडणीचे असतात. ते दुसरीकडे बसत नाहीत, त्यांना उजवीकडे लिहा.

मदरबोर्ड मागे राहतो. त्यावरचा प्रोसेसर मागे राहतो. डीडीआर ३ रॅम मागे राहते, कारण डीडीआर ४ किंवा डीडीआर ५ च्या खाचेत ती बसतच नाही, खाच मुद्दाम वेगळ्या जागी ठेवलेली असते. मजुरी तर मागेच राहते.

माझा हिशोब असा: उजवीकडची बेरीज ही तुमचं काम भागवणाऱ्या दुसऱ्या मशीनच्या किमतीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त झाली की थांबायचं. डावीकडच्या खर्चाला घाबरायचं नाही.

घणसोलीत एका कॉलेजातल्या मुलाकडे इंटेलच्या चौथ्या पिढीचा आय ३ प्रोसेसर असलेला डेस्कटॉप होता, एच ८१ बोर्डाचा. बोर्ड खरंच गेला होता, मी दुसऱ्या एसएमपीएसवर आणि दुसऱ्या रॅमवर लावून खात्री केली. दुकानातून त्याला अंदाज मिळाला तो असा: वापरलेला बोर्ड साडेतीन हजार, ८ जीबी डीडीआर ३ रॅम दीड हजार, एसएसडी अडीच हजार, मजुरी एक हजार. एकूण साडेआठ हजार. त्याच सुमारास आठव्या पिढीचा आय ५ असलेला रिफर्बिश्ड (वापरलेला, तपासून-दुरुस्त करून विकलेला) डेस्कटॉप साडेपंधरा हजारांत मिळत होता. मुलाचे बाबा म्हणाले, "ताई, निम्म्यात काम होतंय, कशाला सात हजार जास्त घालायचे?" मी त्यांना रेघ मारून दाखवली. साडेआठ हजारांतले एसएसडीचे अडीच हजार सोडले तर सहा हजार मागे राहणारे होते, आणि ते अशा मशीनवर जाणार होते ज्यावर विंडोज ११ रीतसर चढणार नाही. त्यांनी रिफर्बिश्ड घेतला, मॉनिटर, कीबोर्ड आणि यूपीएस जुनेच ठेवले. तोच बोर्ड शाबूत असता आणि नुसती डिस्क गेली असती तर मी उलटा सल्ला दिला असता: एसएसडी घाला आणि चालवा.

भाव मात्र त्या दिवशीचेच विचारा. डेटा सेंटरांची मागणी वाढल्यामुळे २०२५ च्या शेवटापासून रॅम आणि एसएसडी चांगल्याच महागल्या आहेत. वर्षभरापूर्वी कोणी सांगितलेल्या किमतीवर हिशोब मांडलात तर तो चुकेल.

विंडोजची मुदत

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन त्या दिवशी बंद पडलं नाही, म्हणून कित्येक घरांत हे कोणाच्या लक्षातही आलेलं नाही. पण सुरक्षेचे अपडेट थांबले. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी एक वर्षाची वाढीव सोय ठेवली आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. ती आपोआप मिळत नाही, सेटिंगमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरून नाव नोंदवावं लागतं.

विंडोज ११ साठी टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप किंवा सोय) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) लागतं. प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आय ५-८४०० या नावात आडव्या रेघेनंतरचा पहिला ८ म्हणजे आठवी पिढी. आय ३-४१३० म्हणजे चौथी. टीपीएम बघायचं तर विंडोजचं बटण आणि आर दाबून 'टीपीएम डॉट एमएससी' इंग्रजीत टाइप करा. 'सापडलं नाही' असं आलं तरी लगेच निराश होऊ नका, आठव्या पिढीच्या मशीनमध्ये ते बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) नुसतं बंद ठेवलेलं असू शकतं.

अट चुकवून जुन्या मशीनवर विंडोज ११ टाकून देणारे बाजारात आहेत. ज्या मशीनवरून तुम्ही बँकेचं काम करता, जीएसटी भरता, तिथे हे करून घेऊ नका. अशा मशीनला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. त्याऐवजी, घरात फक्त ब्राउझर, यूट्यूब, मुलांचा अभ्यास आणि पत्रं लिहिणं एवढंच असेल तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाका. ते फुकट आहे, ४ जीबी रॅमवर चालतं, आणि त्यात मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहे. टॅलीप्राइम मात्र विंडोजवरच चालतं, त्यामुळे हिशोबाचं काम करणाऱ्यांना हा रस्ता नाही.

नौपाड्यातले काका

एका प्रसंगात मी हा सगळा हिशोब बाजूला ठेवला. नौपाड्यात एक काका लग्नपत्रिका आणि स्मरणिकांचं डीटीपी, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर मांडणी, करतात. मशीन विंडोज एक्सपीचं, मांडणीसाठी पेजमेकर, आणि मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा डोंगल (सॉफ्टवेअरची किल्ली असलेली छोटी डबी) मागच्या रुंद पॅरलल पोर्टला लावलेला. बोर्ड गेला. आताच्या बोर्डांना तसलं पोर्टच नसतं, आणि डोंगल नाही तर सॉफ्टवेअर उघडत नाही. पंचवीस वर्षांच्या पत्रिकांचे साचे त्या फायलींमध्ये. वहीतल्या रेघेप्रमाणे उजवीकडचा प्रत्येक रुपया वाया, पण त्यांचा धंदा त्या डोंगलवर उभा होता.

मी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाऊन त्याच जातीचा वापरलेला बोर्ड शोधून आणला. बसवताना म्हटलं, "काका, या मशीनला इंटरनेटची वायर लावायची नाही."

"अगं, गिऱ्हाईक मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवतं. तो कसा घेऊ?"

"तो मुलाच्या लॅपटॉपवर घ्या, अँटिव्हायरसने तपासा आणि पेनड्राइव्हने इकडे आणा. आणि रिकाम्या वेळात एकेक पत्रिका युनिकोडमध्ये नव्याने बसवायला घ्या. हा बोर्ड पण कधीतरी जाणार."

त्यांनी ते काम सुरू केलंय. तुमच्याकडे असं एखादं जुनं सॉफ्टवेअर, जुना प्लॉटर किंवा स्कॅनर असेल, ज्याचा ड्रायव्हर नव्या विंडोजला मिळत नाही, तर मशीनची किंमत त्या कामाच्या किमतीत मोजा.

लॅपटॉप

लॅपटॉपमध्ये सोबत येणारा भाग जवळजवळ एकच, एसएसडी. बाकी सगळं त्याच मापाचं असतं. त्यामुळे इथे मी जास्त कडक आहे.

बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजीत 'पॉवरसीएफजी', स्पेस, स्लॅश आणि लगेच पुढे 'बॅटरीरिपोर्ट' टाइप करा. एक फाइल तयार होते. तिच्यातली मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्ज क्षमता ताडून बघा. आताची निम्म्याखाली असेल तर बॅटरी बदलायची वेळ झाली, बाकी मशीन चांगलं असेल तर बेलाशक बदला. टचपॅड वर उचललं जातंय किंवा तळ फुगलाय असं दिसलं तर चार्जिंग त्याच क्षणी बंद. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका.

बिजागरी कटकट करायला लागली की लगेच दाखवा. स्क्रू प्लॅस्टिकमधून उपटले की स्क्रीनची वायर कापली जाते आणि मग स्क्रीनचा खर्च येतो. वेळेत केलं तर काम स्वस्तात होतं. पाणी किंवा चहा सांडला तर चार्जर काढा, पॉवर दाबून बंद करा, पालथा ठेवा आणि चालू करून न बघता दुरुस्तीवाल्याकडे न्या. वॉरंटी संपलेल्या लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला आणि तो आठव्या पिढीच्या आधीचा असेल, तर मी चिप लेव्हल दुरुस्तीत (बोर्डावरचा एकेक भाग बदलण्यात) पैसे घालायला सांगत नाही. डिस्क काढून घ्या आणि मशीनला निरोप द्या.

दुरुस्तीला देताना

झाकण उघडून रॅम आणि डिस्कवरच्या लेबलचे फोटो काढा, त्यांवर सीरियल नंबर असतात. अंदाज लेखी घ्या आणि त्यात सुटे भाग वेगळे, मजुरी वेगळी लिहून मागा. "बोर्ड गेला" म्हणतील तर कसं तपासलं ते विचारा. चांगला कारागीर रागावत नाही, दाखवतो. बदललेला जुना भाग परत मागा. बिलावर नव्या भागाचा सीरियल नंबर आणि वॉरंटी हवी, कच्च्या चिठ्ठीवर पुढे भांडता येत नाही. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

बोर्ड किंवा जुनी रॅम शोधायला लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर ग्रँट रोड स्टेशनला उतरा, रविवार टाळा, जुना भाग पिशवीत सोबत न्या आणि तिथल्या तिथे लावून दाखवायला सांगा. एका एसएसडीसाठी तिकडे जायची गरज नाही, ठाण्यात किंवा वाशीत मिळते आणि वॉरंटीसाठी परत जायला तेच सोपं पडतं.

नवीन किंवा रिफर्बिश्ड घेताना

रिफर्बिश्ड घेताना आधी पिढी बघा, आठवीच्या खाली घेऊ नका. क्रिस्टलडिस्कइन्फो दुकानातच चालवा, डिस्क किती तास चालली आहे तेही त्यात दिसतं. विंडोज ॲक्टिव्हेट आहे का ते सेटिंगमध्ये बघा. नवीन लॅपटॉप घेताना रॅम बोर्डाला चिकटवलेली आहे की बदलता येते हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. ८ जीबी चिकटवलेली असेल तर तो आयुष्यभर ८ जीबीचाच राहणार. रिकामी खाच असेल तर आज ८ घेऊन नंतर वाढवता येते. घरच्या कामाला महागडा प्रोसेसर लागत नाही, ते पैसे रॅमवर घाला.

नवीन आलं की जुनं मशीन लगेच देऊ नका. महिनाभर दोन्ही राहू द्या. प्रिंटरवरून एक पान छापून बघा, स्कॅनर लावून बघा, डिजिटल सहीचं टोकन चालतंय का बघा, टॅलीचा मागच्या वर्षाचा डेटा उघडा, जुनी मराठी फाइल उघडून वाचा. हे सगळं झालं की जुन्या मशीनमधली डिस्क काढून घ्या. ती चांगली असेल तर यूएसबी केसमध्ये घालून बॅकअपला वापरा, गेलेली असेल तरी तशीच भंगारवाल्याला देऊ नका, तिच्यावर तुमची कागदपत्रं आहेत. तिला ड्रिलने आरपार भोकं पाडून घ्या. उरलेलं मशीन नोंदणी असलेल्या ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, आणि कॉम्प्युटर, लॅपटॉप त्यात येतात. बोर्डावरचा बटण सेल आणि लॅपटॉपची बॅटरी आधी काढून वेगळ्या पिशवीत द्या.